ढेकणांचा बंदोबस्त

घरात साप निघाला तर माणूस आरडाओरडा करून सारी आळी गोळा करतो, विंचू निघाला तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याची हकीकत सांगतो. परंतु घरात ढेकूण झाले म्हणजे तोच माणूस तोंडातून अवाक्षर काढीत नाही, रात्रभर कुशी बदलतो, सकाळी अंगावरचे चट्टे सदऱ्याच्या बाहीखाली झाकतो, आणि कोणी विचारलेच तर सारा दोष डासांच्या माथी मारून मोकळा होतो. ढेकूण होणे म्हणजे घरातील बाईच्या गृहकृत्यदक्षतेवरील डाग, असा समज आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे, आणि ही गोष्ट सोयरिकीच्या घरी कळली तर काय म्हणतील, या धास्तीने कित्येक कुटुंबे महिनोन्महिने हा त्रास मुकाट्याने सोशीत असतात. चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात, जिथे जुन्या वस्तीतील घरांच्या भिंती एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एका घरची फट दुसऱ्या घरच्या फटीला जाऊन मिळते, तिथे या मौनाचा भुर्दंड अवघ्या आळीला पडतो. यास्तव या लेखातील पहिली सूचना औषधाविषयी नसून बोलण्याविषयी आहे: ढेकूण आढळताच शेजारी, घरमालक, भाडेकरू, मुक्कामाला येणारे पाहुणे, ज्यांचा ज्यांचा आपल्या अंथरुणाशी किंवा भिंतीशी संबंध येतो, त्या सर्वांस निःसंकोचपणे सांगावे.

ही लाज बाळगण्याला शास्त्राचा तिळमात्र आधार नाही. ढेकूण खरकट्यावर जगत नाही, केरावर जगत नाही; त्याचे अन्न एकच, ते म्हणजे रक्त, आणि ते शेणाने सारवलेल्या ओसरीवर निजणाऱ्याचे असो की महानगरातील वातानुकूलित खोलीत निजणाऱ्याचे असो, त्याला सारखेच रुचते. 2023 साली पॅरिससारख्या संपन्न शहरात आगगाड्या, चित्रपटगृहे आणि हॉटेले यांतून ढेकणांविषयी असा गदारोळ उठला की फ्रान्सच्या परिवहनमंत्र्यांना वाहतूक कंपन्यांची खास बैठक बोलवावी लागली. अस्वच्छतेतून ढेकूण उत्पन्न होत नाहीत. पसारा आणि अडगळ यांमुळे त्यांना दडायला जागा अधिक मिळते आणि त्यांचा तपास अवघड होतो, एवढाच काय तो अस्वच्छतेचा आणि त्यांचा संबंध.

आता या शत्रूची ओळख करून घ्यावी. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांबीचा, मसुराच्या दाण्यासारखा चपटा व तांबूस तपकिरी असतो, आणि रक्त प्यायल्यावर फुगून लांबट व काळसर लाल होतो. त्याला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. जे काही करायचे ते चालत किंवा माणसाच्या सामानात बसून प्रवास करीत. मादी दररोज दोन-चार अंडी घालते आणि तिच्या आयुष्यभराचा हिशेब काही शेकड्यांत जातो. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढुरके असून ते चिकट द्रवाने फटीच्या आत घट्ट बसविलेले असल्यामुळे केरसुणीने झाडले किंवा बाज आपटली तरी निघत नाही. सहा ते दहा दिवसांत अंड्यातून पिल्लू बाहेर पडते. ते इतके फिकट असते की पांढऱ्या चादरीवर सहसा दृष्टीसच पडत नाही. प्रौढ होईपर्यंत त्याला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी एकदा तरी रक्त मिळावे लागते. आपल्याकडील उबदार हवेत हा सारा प्रवास महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. आपल्या देशात प्राधान्याने आढळणारी जात उष्ण कटिबंधातील आहे, आणि तिच्या पायांवर केसांची दाट गादी असल्यामुळे थंड देशांतील जातीपेक्षा ती गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक सहजतेने चढते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे वाट्यांच्या युक्तीविषयी लिहिताना तिचे प्रयोजन पडणार आहे.

पंचतंत्रात राजाच्या शय्येवरील ऊ आणि आगंतुक ढेकूण यांची कथा आहे. ढेकणाने उतावीळपणे राजाला डंख मारला, सेवक दिवे घेऊन धावले, तेवढ्यात ढेकूण मंचकाच्या सांध्यात शिरून निसटला आणि वस्त्राच्या घडीत सापडलेली बिचारी ऊ नाहक मारली गेली. त्या कथेचे तात्पर्य संगतीविषयी असले तरी ढेकणाचे वर्तन तिच्यात अचूक टिपलेले आहे. प्रकाश पडताच तो पळतो, आणि पळतो तो लाकडाच्या सांध्यात. अंगावर किंवा केसांत तो राहत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरले की तो आपल्या फटीत परततो आणि मग काही दिवस बाहेर येत नाही. म्हणून रात्री दिवा लावून चादर झटकली, काही सापडले नाही, म्हणून ढेकूण नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. शोध अंथरुणावर घ्यावयाचा नसून अंथरुणाभोवतीच्या सांध्यांत घ्यावयाचा असतो.

ही झडती दिवसा, भरपूर उजेडात, सावकाश घ्यावी. बाज अंगणात आणून उलटी करावी. दांडी जिथे पायाच्या भोकात बसते त्या चारही सांध्यांत विजेरीचा झोत टाकावा, आणि जुन्या लग्नपत्रिकेचे एखादे जाड पान त्या फटीतून हलकेच फिरवावे. आत ढेकूण असतील तर ते पानाच्या कडेने बाहेर ढकलले जातात, नसतील तरी त्यांच्या कातीचे पिवळसर, पारदर्शक तुकडे आणि काळे ठिपके पानावर येतात. हे काळे ठिपके म्हणजे पचलेल्या रक्ताची विष्ठा असून ढेकणांच्या अस्तित्वाचा सर्वांत खात्रीचा पुरावा तोच आहे. ओल्या कापसाच्या बोळ्याने ठिपका पुसला असता त्याचा तांबूस तपकिरी ओघळ कापडावर पसरला तर संशयाला जागा राहत नाही. झुरळाची विष्ठा किंवा साधी धूळ अशी पसरत नाही. सुतळीच्या विणीतील गाठी, नवारीच्या घड्या, गादीच्या कडेची शिवण आणि तिच्या टाक्यांचे खळगे, उशीच्या अभ्र्याचे कोपरे, दिवाणाच्या आतील प्लायवूडचे जोड, लोखंडी पलंगाच्या पोकळ नळ्यांची उघडी तोंडे, ही ठिकाणे एकामागून एक पाहावीत. त्यानंतर भिंतीकडे वळावे. उशाजवळ टांगलेली दिनदर्शिका, देवादिकांच्या तसबिरींची मागची बाजू, विजेच्या बटणांच्या पट्टीची कडा, मातीच्या भिंतीचे पोपडे, छताच्या लाकडांमधील भेगा, यांत बहुधा दुसरी फळी दडलेली असते. वस्ती फार वाढली असेल तर खोलीत एक गोडसर, उग्र, कुबट वास येऊ लागतो. परंतु वास येईपर्यंत वाट पाहणे म्हणजे शत्रूला किल्ला बांधून देणे होय.

निव्वळ अंगावरच्या खुणांवरून निदान करण्याची घाई करू नये. ढेकूण चावताना त्याच्या लाळेतील द्रव्यांमुळे वेदना जाणवत नाही आणि रक्तही गोठत नाही. चट्टे पुढे काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी उठतात, आणि काही माणसांच्या अंगावर ते मुळीच उठत नाहीत. एकाच अंथरुणावर निजणाऱ्या नवराबायकोपैकी एकाला खाज सुटावी आणि दुसऱ्याला काहीच कळू नये, असे म्हणूनच घडते, आणि मग ज्याला खाज सुटते त्याच्या म्हणण्यावर घरात कोणी विश्वास ठेवीत नाही. मान, दंड, हात, पाय असे जे अवयव पांघरुणाबाहेर राहतात त्यांवर ओळीने किंवा पुंजक्याने उठलेले लाल, खाजरे चट्टे ढेकणांचा संशय उत्पन्न करतात. चट्टे घोट्याखालीच असतील तर पिसवांचा विचार करावा. आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ उठून रात्री खाज वाढत असेल व घरातील सर्वांनाच ती सुटली असेल, तर ती खरूज असण्याचा संभव अधिक, आणि तिचा इलाज सर्वस्वी निराळा असल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घेणे अगत्याचे आहे.

ढेकणांमुळे मोठे रोग होतात काय, हा प्रश्न मातांच्या मनाला फार छळतो. गेल्या शतकाच्या आरंभी मद्रासेत पॅटन नावाच्या संशोधकाने काळा आजार ढेकणांमार्फत पसरत असावा असा तर्क मांडला होता आणि त्या दिशेने पुष्कळ प्रयोगही झाले; पुढे 1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तो आजार वालुमाशीमुळे पसरतो हे सिद्ध केले आणि ढेकूण त्या आरोपातून मुक्त झाला. कावीळ किंवा एड्स ढेकणांमुळे पसरतो असाही पुरावा मिळालेला नाही. तथापि रोग पसरत नाही म्हणून उपद्रव क्षुल्लक ठरत नाही. झोपमोड झालेला मुलगा वर्गात पेंगतो, खाजवून खाजवून झालेल्या जखमांत पू होतो, आणि वस्ती अतोनात वाढलेल्या घरात तान्ह्या बाळाच्या व वृद्धाच्या अंगातील रक्त कमी होते. चट्टे साबणाने धुवावेत, गार पाण्याची घडी ठेवावी, कॅलामाइनचे लोशन लावावे, मुलांची नखे कापलेली असावीत. सूज पसरली, ताप आला किंवा श्वासाला अडथळा वाटला तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आता उपायांकडे वळण्यापूर्वी जे करू नये त्याविषयी विस्ताराने लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण ढेकणांनी आजवर केले नसेल एवढे नुकसान ढेकणांवरील अविचारी उपायांनी केलेले आहे. आपला मुलूख कापूस आणि सोयाबीन पिकविणारा. घरोघरी कोनाड्यात किंवा माळ्यावर पिकावरील औषधाची अर्धी उरलेली बाटली असतेच, आणि ढेकणांनी हैराण झालेला माणूस सहजच तिच्याकडे हात नेतो. कपाशीवर फवारले जाणारे औषध उघड्या शिवारातील वारा, ऊन आणि पाऊस गृहीत धरून तयार केलेले असते. ते बंद खोलीत, उशीवर, तान्ह्या मुलाच्या झोळीजवळ फवारणे म्हणजे आपल्या हातांनी आपल्या माणसांना विष देणे होय. 2017 साली याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, उघड्या रानात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मोकळ्या हवेत ज्याने प्राण घेतले, ते चार भिंतींच्या आत काय करील याचा विचार प्रत्येकाने करावा. कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. परंतु त्रिकोण हिरवा असला तरीही वेष्टनावर घरातील वापराची परवानगी छापलेली नसेल तर ती बाटली उंबरठ्याच्या आत उघडता कामा नये.

याहूनही भयंकर आहेत त्या धान्यात ठेवण्याच्या गोळ्या. त्यांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा हवेतील ओलाव्याशी संयोग होताच फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो, निजलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच घात करतो, आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या घरात ठेवल्यामुळे कुटुंबातील लहान मुले दगावल्याच्या बातम्या आपल्या देशातील वर्तमानपत्रांत वेळोवेळी आलेल्या आहेत. कायद्याने या गोळ्या सर्रास कोणालाही विकण्याची मुभा नाही. तरीही कोणी आणून दिल्या तर त्या घरात घेऊ नयेत. चुकून विषबाधा झालीच तर रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना विषाचा प्रकार कळतो. बाजेच्या सांध्यांत रॉकेल ओतण्याची जुनी वहिवाटही सोडून द्यावी. ज्या ढेकणाला ते लागते तो मरतो खरा, पण अंथरूण पेट घेण्याचा धोका घरात कायमचा येऊन बसतो. झुरळांसाठी मिळणारा विषारी खडू पलंगाला चोळणे, कापराचा किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करणे, डांबरगोळ्या उशीखाली ठेवणे, डासांसाठीचा धूर खोलीत सोडणे, यांपैकी एकही उपाय फटीच्या तळाशी चिकटलेल्या अंड्यापर्यंत पोहोचत नाही. उलट धुराने त्रासलेले ढेकूण शेजारच्या खोलीत पांगतात आणि एका बाजेची तक्रार चार बाजांची होते.

औषधांवरचा आपला आंधळा विश्वास कोठून आला, हेही सांगितले पाहिजे. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण 1939 साली पाउल म्युलर यांनी शोधून काढला, त्याबद्दल त्यांना 1948 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 1953 साली भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर फवारणीचे कर्मचारी खेडोपाडी घराघरांत जाऊ लागले. डास मरोत न मरोत, पहिल्या फवारणीने ढेकूण मात्र हटकून मेले, आणि म्हणून बायाबापड्यांनी त्या फवारणीचे मनापासून स्वागत केले. परंतु त्या औषधाला दाद न देणारे ढेकूण 1947 सालीच हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींत आढळले होते, आणि पुढे आपल्याकडेही तोच अनुभव आला: औषधाने न मरणारे ढेकूण त्याच्या स्पर्शाने चवताळून दिवसाढवळ्या बाहेर पडू लागले, आणि फवारणीने ढेकूण वाढतात, अशा समजुतीने लोक कर्मचाऱ्यांना दारातूनच परत पाठवू लागले. जे डी.डी.टी.चे झाले तेच आजच्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचे होत आहे. बाजारातील फवाऱ्याचा डबा रिकामा करूनही ढेकूण जिवंत राहतात, याचे कारण आपला हात कमी पडला हे नसून त्या ढेकणांच्या अनेक पिढ्या त्या विषातून तावून-सुलाखून निघालेल्या आहेत, हे होय. म्हणून फवारणीची मात्रा वाढवीत नेणे हे सर्वस्वी अनिष्ट आहे.

ज्या उपायाला ढेकूण कधीच सरावू शकत नाही तो म्हणजे उष्णता. 45 अंश सेल्सियसला प्रौढ ढेकूण दीड-दोन तासांत मरतो, पण अंड्यांना सात तासांच्या वर तेच तापमान लागते; 48 अंशांवर अंडीही साधारण दीड तासात निर्जीव होतात, आणि 55 अंशांच्या पुढे हे काम मिनिटांचे ठरते. आपल्या आज्या-पणज्या वैशाखात बाजा अंगणात काढून त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतीत असत, त्यामागील ज्ञान अनुभवाचे होते आणि ते आजही खरे आहे. पाणी खळखळ उकळलेले असावे, चुलीवरून उतरवताच बारीक तोटीच्या भांड्याने प्रत्येक सांध्यात सावकाश सोडावे, आणि सांधा थंड पडण्यापूर्वी दुसऱ्यांदा सोडावे. मुले दूर ठेवावीत आणि विजेच्या वस्तूंजवळ हा प्रयोग मुळीच करू नये. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी आणि अंगावरचे कपडे 60 अंशांच्या, म्हणजे ज्यात हात घालवत नाही अशा, पाण्यात अर्धा तास भिजवावेत. ही कापडे खोलीतून बाहेर नेताना खोलीतच पिशवीत बांधून न्यावीत, नाहीतर ओसरीभर ढेकूण सांडत जातात.

उन्हाविषयी मात्र एक गैरसमज आहे. बाज नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि संध्याकाळी बाजेबरोबर घरात परततात. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असला तरी उघड्या हवेत तेवढ्याने अंडी मरत नाहीत. गोधडी किंवा वाकळ काळ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत सैल भरून, तोंड घट्ट बांधून, तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत ठेवावी, दर तासाने उलटावी आणि शक्य तर आत साधा तापमापक ठेवून पारा पन्नाशीला पोहोचतो की नाही हे पाहावे. जाड गादीच्या पोटापर्यंत ऊन पोहोचत नाही. कापसाची गादी असेल तर खोळ काढून उकळत्या पाण्यात घालावी, कापूस उन्हात तापवून पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा, आणि गादी नेण्यापूर्वी पिंजाऱ्याला त्यात ढेकूण होते हे स्पष्टपणे सांगावे, कारण त्याच्या दुकानात दहा घरच्या गाद्या येत असतात.

बाज निर्मळ झाल्यावर तिला एकटी पाडावी. भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावी, पांघरुणाचे टोक जमिनीला टेकू देऊ नये, आणि चारही पायांखाली खोलगट, गुळगुळीत वाट्या ठेवाव्यात. पूर्वी अशा वाट्यांत पाणी घालीत. परंतु साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी होतात, म्हणून पाण्याऐवजी वाटीच्या आतील बाजूला टाल्कम पावडरीचा पातळ हात फिरवावा. आपल्याकडील ढेकूण गुळगुळीत कडेवरही चढू शकतो हे वर सांगितलेच आहे. पावडरीमुळे त्याचे पाय घसरतात. वाटीच्या बाहेरील बाजूला कापडाची पट्टी चिकटवावी, म्हणजे तो बाहेरून चढून आत पडतो आणि सकाळी मोजता येतो. याच वेळी भिंतीतील भेगा चिकणमाती, शेण व भुसा यांच्या काल्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, तसबिरी उतरवून मागून पुसाव्यात, चुन्याचा जाड हात द्यावा. एक मोह मात्र आवरावा: ढेकणांना कंटाळून माजघरातील माणसाने ओसरीवर निजायला जाऊ नये. माणसाच्या श्वासाच्या व अंगाच्या उबेच्या मागावर ढेकूण चालत येतात, आणि रिकाम्या बाजेत ते अन्नावाचून दोन-चार महिने सहज तग धरतात; जागा बदलल्याने ते मरत नाहीत, त्यांचा मुलूख तेवढा वाढतो.

पलंग प्लायवूडचा असेल, भिंतीचे अस्तर पोकळ असेल किंवा वस्ती तीन-चार खोल्यांत पसरली असेल, तर परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे. चिखली, खामगाव किंवा बुलढाण्याहून येणाऱ्या इसमाला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. कोणते औषध, त्याच्या वेष्टनावर घरातील वापराची नोंद आहे काय, खोली किती तास बंद ठेवायची, हे कागदावर लिहून घ्यावे. एका फेरीत काम उरकून देतो म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नये. अंड्यांवर बहुतेक औषधांचा अंमल चालत नाही, म्हणून पहिल्या फेरीनंतर दोन आठवड्यांनी, नवी पिल्ले बाहेर पडलेली असताना आणि ती अंडी घालण्याजोगी होण्यापूर्वी, दुसरी फेरी झालीच पाहिजे. हाच नियम घरगुती उकळत्या पाण्याच्या उपायालाही लागू आहे.

राहता राहिला प्रश्न ढेकूण पुन्हा घरात न येऊ देण्याचा. आपल्याकडे ते येतात ते बहुधा चार वाटांनी. लग्नसराईत बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेल्या गाद्या आज एका मांडवात, उद्या दुसऱ्या मांडवात असतात. त्या उतरवून घेतानाच अंगणात शिवणी उलगडून पाहाव्यात, आणि कार्य आटोपताच एकही रात्र घरात न ठेवता परत कराव्यात. दुसरी वाट यात्रेची: शेगावचे दर्शन, सैलानीची यात्रा, पंढरीची वारी यांत माणूस ज्या सतरंजीवर टेकतो तिच्यावर त्याच्या आधी शेकडो जण निजलेले असतात. मुक्कामात पिशवी भिंतीला लावून जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगावी किंवा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावी, आणि परतल्यावर कपडे घरात नेण्यापूर्वी गरम पाण्यात घालावेत. तिसरी वाट पोटापाण्याची. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेला मुलगा दिवाळीला ट्रॅव्हल्सच्या शयनगाडीने येतो, ऊसतोडीला गेलेले कुटुंब आपल्या वळकट्यांसह परतते, तालुक्याच्या वसतिगृहात शिकणारी मुलगी सुट्टीला गादी घेऊन येते. या सर्वांचे स्वागत मोकळ्या मनाने करावे, पण वळकटी मात्र आधी अंगणात उन्हात सोडावी, आणि हे त्यांना कमीपणा न वाटेल अशा रीतीने, घरचा नित्याचा रिवाज म्हणून करावे. चौथी वाट जुन्या लाकडी सामानाची आणि परसातल्या खुराड्याची आहे. स्वस्तात मिळालेला दिवाण उकळत्या पाण्याचा प्रयोग केल्याशिवाय उंबरठा ओलांडू देऊ नये. आणि ढेकूण कोंबड्यांच्या, पारव्यांच्या व वटवाघळांच्याही रक्तावर जगतात, म्हणून निजण्याच्या खोलीला लागून खुराडे असू नये, वळचणीतील ओस पडलेली घरटी काढून टाकावीत.

घर निर्मळ झाले असे केव्हा म्हणावे, याचे मोजमाप साधे आहे. वाट्यांत, सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत सलग दोन महिने एकही जिवंत ढेकूण, ताजा काळा ठिपका किंवा नवी कात आढळली नाही, तर बंदोबस्त पुरा झाला असे समजावे. या दोन महिन्यांत दर आठ दिवसांनी झडती घेऊन तिची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आठवड्यामागून आठवडे निर्मळ जाऊन मग अचानक एखादा ढेकूण वाटीत पडलेला सापडला, तर सर्व उपाय पुन्हा पहिल्यापासून करीत बसण्यापूर्वी सामायिक भिंतीच्या पलीकडे राहणाऱ्या काकूंकडे जावे, त्यांच्या बाजा त्यांच्यासमवेत उलटवाव्यात, आणि दोन्ही घरची पाण्याची पातेली एकाच दिवशी चुलीवर चढवावीत.